फेर्नश्प्रेशरला क्रियापद मिळालं नाही

"घोडा काकडीची कोशिंबीर खात नाही." टेलिफोनच्या इतिहासातलं हे एक मानाचं वाक्य आहे. फ्रँकफुर्टजवळच्या फ्रीडरिश्सडोर्फ गावात फिलिप राइस नावाचे एक शाळामास्तर होते. आपल्या घरगुती यंत्रातून ते तारेवरून आवाज पाठवून बघत. पलीकडच्याने अर्धं ऐकून उरलेलं अंदाजाने पूर्ण करू नये, म्हणून अशी वेडगळ वाक्यं मुद्दाम निवडली होती असं सांगतात. ऑक्टोबर १८६१ मध्ये राइस यांनी हे यंत्र फ्रँकफुर्टच्या भौतिकशास्त्र मंडळापुढे मांडलं आणि त्याला नाव दिलं 'टेलिफोन'.

मूळ जर्मन वाक्यात 'काकडीची कोशिंबीर' हा एकच जोडशब्द आहे, गुर्केनझालाट. त्यातली 'गुर्के' म्हणजे काकडी स्लाव भाषांकडून आलेली आणि 'झालाट' इटालियनकडून. दोघंही पाहुणे. मधला जोडणारा 'न' तेवढा घरचा. एवढं एक लक्षात ठेवू, पुढे लागेल.

राइस यांचं नाव ग्रीक तुकड्यांचं होतं. 'टेले' म्हणजे दूर, 'फोने' म्हणजे आवाज. पण या नावाला जर्मनीत आधीपासून एक जुळं भावंड होतं. १७९६ साली बर्लिनमध्ये हूट नावाच्या गृहस्थांनी कर्ण्यातून बोलून लांबवर निरोप पोचवण्याची एक योजना छापली. या साधनाला काय म्हणावं, तर त्यांनी दोन नावं शेजारी शेजारी सुचवली, ग्रीक हवं तर 'टेलिफोन' आणि जर्मन हवं तर 'फेर्नश्प्रेशर'. 'फेर्न' म्हणजे दूर, 'श्प्रेशर' म्हणजे बोलणारा. बेल यांचं यंत्र यायच्या आधी ऐंशी वर्षं ही दोन नावं एकाच पाळण्यात झोपलेली होती.

त्यातलं एक उचललं ते हाइनरिश श्टेफान यांनी. जर्मन साम्राज्याच्या टपालखात्याचे हे प्रमुख. १८७४ साली बर्नमध्ये जागतिक टपाल संघ उभा राहिला त्यामागे हेच होते, आणि त्या संघाची कामकाजाची भाषा होती फ्रेंच. हेच गृहस्थ घरी मात्र पोस्टाच्या खिडकीवरून फ्रेंच शब्द वेचून वेचून बाहेर काढत होते. १८७७ च्या शरद ऋतूत त्यांनी बर्लिनमध्ये बेल यांचे टेलिफोन जोडून पाहिले, खूश झाले आणि खात्यापुरतं त्यांचं नाव ठरवलं फेर्नश्प्रेशर. ग्रीक नाव बाद. ते एका जर्मन मास्तराने रूढ केलं होतं याचा उपयोग झाला नाही. पुढे १८८५ मध्ये श्टेफान यांना सरदारकी मिळाली आणि नावात मानाचा 'फॉन' आला. ज्याने फोन खात्याबाहेर काढला त्याच्याच नावात तो येऊन बसला. हा विनोद देवनागरीतच होतो, तेव्हा जर्मनांना सांगून उपयोग नाही.

हे सगळं मी सांगतोय ते अर्थात मराठीसाठी. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, २०२५ च्या फेब्रुवारीत सरकारी कार्यालयांत मराठीतच बोलावं असा आदेश निघाला, आणि तेव्हापासून एक जुनी मागणी नव्या दमाने ऐकू येते: प्रत्येक इंग्रजी शब्दाला मराठी प्रतिशब्द काढा आणि तो सक्तीने वापरायला लावा. या मागणीला दोन ठरावीक उत्तरं मिळतात. एक गट टाळ्या वाजवतो, दुसरा 'अग्निरथ-विश्रामस्थान' छापाचे विनोद सांगतो. दोन्ही गट शब्दाच्या कुळावर भांडत असतात. माझ्या मते शब्द कोणत्या कुळातला यावर तो जगेल की मरेल हे ठरत नाही. फेर्नश्प्रेशरची कुंडली पाहिली तर हे स्वच्छ दिसतं.

प्रतिशब्द जगतच नाहीत असं मात्र कोणी म्हणू नये. श्टेफान यांचे कितीतरी शब्द आज जर्मनीत इतके मुरलेत की ते कोणी घडवले होते हेच लोक विसरलेत. पोस्टकार्डाचंच बघा. ऑस्ट्रियाने १८६९ मध्ये ते काढलं तेव्हा नाव होतं 'कॉरेस्पोंडेंझ-कार्टे'. श्टेफान यांनी १८७२ मध्ये ते 'पोस्टकार्टे' केलं. दोन-तीन वर्षांचं पोर, नाव बदलायला फार त्रास झाला नाही. रजिस्टर पत्राचं, पाकिटाचं, पोस्टातच ठेवून घ्यायच्या टपालाचं असंच झालं. त्यांच्या मागोमाग रेल्वेत ओटो साराझीन यांनी (आडनाव फ्रेंच वळणाचं, पण ते असो) तिकिटाचं 'फारकार्टे' केलं, फलाटाचं 'बानश्टाइग' आणि डब्यातल्या कप्प्याचं 'आबटाइल'. आज कुठलाही जर्मन माणूस हेच बोलतो.

आता सीमा ओलांडून स्वित्झर्लंडच्या जर्मनभाषक भागात या. भाषा तीच. पण तिकीट 'बिलेट', फलाट 'पेरॉन', पाकीट 'कुवेर'. तिथल्या लोकांचं भाषाप्रेम काही कमी नाही, घरात तर ते आपली बोली इतक्या हट्टाने बोलतात की उत्तरेकडच्या जर्मनाला निम्मं कळत नाही. फरक एवढाच की त्यांच्या तिकीटखिडकीमागे साराझीन बसलेले नव्हते. म्हणजे हे शब्द देशाभिमानाने रुजले नाहीत, खिडकीने रुजवले. तिकीट हवं असेल तर तिकीट देणारा काय म्हणतो ते तुम्ही ऐकता, आणि चार दिवसांनी तेच म्हणता.

मग फेर्नश्प्रेशर का बुडाला? त्याच्याकडे खिडकी होती, सबंध खातं होतं. वेळही साधलेली होती. वस्तू देशात आली त्याच वर्षी नाव मिळालं. १८८१ मध्ये बर्लिनची पहिली टेलिफोन-यादी निघाली, दोनशेही नावं नव्हती तिच्यात, आणि लोकांनी तिला 'मूर्खांचं पुस्तक' म्हणून हिणवलं; पण तिच्या मथळ्यावर शब्द फेर्नश्प्रेशरच्याच घराण्यातला होता. पुढे जवळजवळ शंभर वर्षं, १९८० च्या आसपासपर्यंत, जर्मन टपालखात्याच्या कागदावर आणि रस्त्यावरच्या बूथवर तो टिकला. लोकांच्या तोंडात मात्र 'टेलेफोन'. शंभर वर्षं नोकरी करून एक दिवस तो निवृत्त झाला, आणि निरोपसमारंभाला कोणी नव्हतं.

माझ्या मते कारण व्याकरणात आहे. पत्र 'पोस्टकार्टे' आहे की 'कॉरेस्पोंडेंझ-कार्टे', त्याने काही बिघडत नाही. ती वस्तू आहे, तिला नाव पुरतं. टेलिफोन ही मुळात वस्तू कमी आणि क्रिया जास्त. 'मी तुला संध्याकाळी...' पुढे काय? 'फेर्नश्प्रेशन' असं क्रियापद कोशात सापडतं, पण 'मी दूर बोलतो' असं म्हणून कोणी जर्मन माणूस उठून फोनकडे जाणार नाही. शिवाय फोन जिन्याखालच्या दुकानापर्यंत पोचला तेव्हा त्या 'दूर'चं काय करायचं हा प्रश्न आलाच. खात्याला परगावच्या कॉलसाठी पुन्हा वेगळा 'फेर्नगेश्प्रेश' काढावा लागला. दूरबोल्यावरून दूरचं बोलणं.

दरम्यान कोणीही न सुचवलेला एक शब्द मागच्या दाराने आत आला. 'आनरूफन'. 'रूफन' म्हणजे हाक मारणं. शेतातून, गल्लीतून, जिन्यावरून मारतात ती. 'रूफ मिश आन', मला हाक मार, म्हणजे मला फोन कर. टेलिफोन नंबर झाला 'रूफनुमर', हाकेचा क्रमांक. घरी कोणी नसताना निरोप टिपून घेणारं यंत्र झालं 'आनरूफबेआंटवोर्टर', हाकेला ओ देणारा. ग्रीक नाम राहिलं आणि त्याच्या भोवती अस्सल जर्मन क्रियापदाने संसार मांडला. श्टेफान यांना जे हवं होतं ते झालं, फक्त त्यांच्या शब्दाकडून झालं नाही.

याच्या उलट त्याच कुळातल्या धाकट्या भावाचं. 'फेर्नझेएन', दूरचं पाहणं, म्हणजे टीव्ही बघणं. अनेकांना वाटतं की हे 'टेलिव्हिजन'चं भाषांतर. तसं नाही. १८९१ मध्ये ड्युसेलडॉर्फच्या राफाएल एडुआर्ट लीझेगांग यांनी विजेच्या साहाय्याने दूरचं दृश्य पाहण्याच्या प्रश्नावर पुस्तक काढलं, त्याच्या नावातच हा शब्द आहे. 'टेलिव्हिजन' हा शब्द कोन्स्टांटिन पेर्स्की यांनी पॅरिसच्या परिषदेत वापरला तो १९०० साली. जर्मन शब्द थोरला, आंतरराष्ट्रीय म्हणवणारा धाकटा. आणि तो जगला, कारण त्याला चालवता येतं. 'इश झेए फेर्न', मी टीव्ही बघतो, असं चार वर्षांचं पोरही बिनचूक म्हणतं. त्याच 'फेर्न'ने रिमोटला नाव दिलं, बर्लिनच्या मनोऱ्याला दिलं, आणि कधी न पाहिलेल्या मुलखाची जी ओढ लागते तिलाही दिलं, 'फेर्नवे'.

'दूरचं पाहणारं' या घाटाचा शब्द आपल्याकडे नाही असं समजू नका. दुर्बीण. फारसी 'दूर' आणि 'बीन', पाहणारा. किती पिढ्या आपण ती डोळ्याला लावतो आहोत आणि आजवर कोणालाही ती शुद्ध करून घ्यावीशी वाटली नाही.

कुळाचाच प्रश्न काढायचा तर मग नीट खोलात जाऊ. जर्मन 'फेर्न' आणि संस्कृत 'पर' हे भाषाशास्त्रात एकाच धातूचे वंशज मानले जातात. त्या 'पर'मधूनच आपला 'परका' आला. ग्रीक 'फोने'चं नातं संस्कृत 'भण्'शी लावतात, आणि 'भण्'चं मराठी रूप म्हणजे 'म्हणणे'. तेव्हा ज्याला आपण परका म्हणून दाराबाहेर ठेवतो तो फोन 'तुका म्हणे'तल्या 'म्हणे'चा लांबचा चुलतभाऊ निघतो. ही नाती पाच-सहा हजार वर्षांपूर्वीची, त्यावर आज सोयरिक जुळत नाही हे मान्य. पण कुळाच्या जोरावर शब्द हाकलणाऱ्याने कुळवृत्तान्त पूर्ण वाचायला हवा. आणि जर्मनांची एक गंमत: 'लालगळा' म्हणजे लाल गळ्याचा पक्षी, अशा जातीच्या जोडशब्दांना त्यांचे व्याकरणकार 'बहुव्रीहि'च म्हणतात. हा शब्द आपल्या व्याकरणातून गेला.

आता आपल्या खिडकीपाशी येऊ. गेल्या वर्षी एका सरकारी कचेरीत रांगेत उभा होतो. पुढचे आजोबा फॉर्म भरत होते. एका चौकटीपाशी त्यांचं पेन थांबलं. "साहेब, हे भ्रमणध्वनी म्हणजे काय लिहू?" आतून आवाज आला, "मोबाइल नंबर टाका हो आजोबा." आजोबांनी टाकला. त्याच्या वरच्या चौकटीत 'दूरध्वनी' होतं, तिथे त्यांनी रेघ मारली. मला त्या खिडकीमागच्या माणसाची चूक वाटत नाही. त्याने काम केलं. पण श्टेफान यांची खिडकी आणि ही खिडकी यांतला फरक तिथे दोन हातांवर दिसत होता. तिकडे कारकून बोलेल तेच फॉर्मवर छापलेलं होतं. इकडे फॉर्म एक भाषा बोलतो आणि फॉर्म देणारा दुसरी.

'दूरध्वनी'ची अडचण फेर्नश्प्रेशरच्याही पुढची आहे. फेर्नश्प्रेशर निदान 'बोलणारा' तरी होता; दूरध्वनी हा नुसताच आवाज. तो करता येत नाही, उचलता येत नाही, आपटता येत नाही. आपण मात्र या परक्या नामाभोवती काय संसार मांडला ते बघा. फोन लावतो, लागतो, लागत नाही, उचलतो, ठेवतो. यातलं 'लागणे' तर अफाट आहे. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, घर लागतं, झोप लागते, लॉटरी लागते, आणि फोन लागतो. 'अनेकदा प्रयत्न करूनही संपर्क प्रस्थापित होऊ शकला नाही' याला मराठी माणूस दोन शब्दांत सांगतो, 'लागत नाही'. हे कोणत्या समितीने ठरवलं? कोणाला पुरस्कार मिळाला? आपलं 'आनरूफन' हेच, आणि ते आपण मोजतसुद्धा नाही.

आपल्याकडच्या जुन्या प्रयोगाचाही निकाल असाच लागलेला आहे. शिवाजी महाराजांच्या काळी राज्यव्यवहारकोश झाला, दरबारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय काढले गेले. त्यातले सचिव, मंत्री आजही मंत्रालयात आहेत, कारण ते खुर्चीला चिकटवले होते. अर्ज, हुकूम, जमीन, तारीख मात्र लोकांच्या तोंडून हलले नाहीत. आणि खुर्चीचाही भरवसा किती? मुजुमदाराचा अमात्य झाला, पण पेशव्याचा जो प्रधान केला होता त्याला मागे सारून पेशवा परत आला आणि असा आला की सबंध काळाला त्याचं नाव पडलं. सावरकरांच्या भाषाशुद्धीतून आलेले म्हणून सांगतात ते 'महापौर', 'दिनांक', 'क्रमांक' जगले, तेही याच नियमाने. महापौराला क्रियापदाची गरज नसते. (निधीची असते.)

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. लोकांवर सोडलं तर लोक आळशी असतात, ते सगळं इंग्रजीच उचलतील, आणि मग मराठीत फक्त 'आहे' आणि 'नाही' उरतील. 'मी ते डॉक्युमेंट अपलोड करून सबमिट केलं' हे वाक्य ऐकलं की मलाही पोटात कळ येते. पण या वाक्याचं दुखणं नामांत नाही. डॉक्युमेंट राहिलं तरी चालेल. दुखणं हे की तिथे चढवणं, पाठवणं, भरणं अशी अस्सल क्रियापदं हाताशी असताना आपण ती वापरली नाहीत आणि सगळी कामं एकट्या 'करणे'वर लादली. 'फोटो चढवला' म्हणता येतं की. 'फोन लावला' म्हणणाऱ्या भाषेला ते जड जाऊ नये. शुद्धीवाले याकडे बघत नाहीत, कारण त्यांच्या कोशात डावीकडे इंग्रजी नाम आणि उजवीकडे संस्कृत नाम एवढेच दोन रकाने असतात.

जर्मनीतही हा वाद सौम्य नव्हता. १८८५ मध्ये तिकडे भाषाशुद्धीची संघटना निघाली, श्टेफान तिचे मानकरी. १८८९ मध्ये ४१ लेखक-विद्वानांनी तिच्या विरोधात जाहीर निवेदन काढलं, त्यात कादंबरीकार थिओडोर फोंटाने होते. पुढे या संघटनेने हिटलरच्या राजवटीची आरती ओवाळली आणि नाझी नेत्यांच्या बोलण्यातल्या परक्या शब्दांवर बोट ठेवायलाही गेली. नोव्हेंबर १९४० मध्ये हिटलरच्याच आदेशाने रुळलेल्या परक्या शब्दांचं बळजबरीचं जर्मनीकरण बंद करायला सांगण्यात आलं. शब्दशुद्धी म्हणजे राष्ट्रवाद आणि राष्ट्रवाद म्हणजे शब्दशुद्धी, हे समीकरण इतकं सरळ नाही, एवढंच यातून घ्यायचं.

मग सरकारने काय करावं? १९६० पासून भाषा संचालनालय आहे, परिभाषाकोश आहेत, त्यांत चांगले शब्दही आहेत. मी तिथे असतो तर दोन गोष्टी धरल्या असत्या. नवा शब्द काढण्याआधी त्याचं वाक्य करून बघायचं, आणि तेही खिडकीमागच्या माणसाकडून, रांगेतल्या आजोबांना उद्देशून. वाक्य झालं नाही तर शब्द परत. आणि संकराची भीती सोडायची. लोकांनी केलेले आपले जोडशब्द बघा. आगबोट: आग आपली, बोट इंग्रजी. बसथांबा, तिकीटबारी, पोलीसपाटील. गुर्केनझालाटसारखेच, तुकडे कुठलेही असोत, सांधा घरचा. 'बसथांबा'त तर 'थांबणे' हे क्रियापदच येऊन उभं राहिलंय, म्हणून तो इतका घट्ट बसला. उलट 'लोहमार्ग' हा अगदी शुद्ध, जर्मन 'आइझनबान'चा जणू सख्खा भाऊ. तिकडचा भाऊ रोज लाखोंच्या तोंडी आहे आणि आपला फक्त पोलिसांच्या पाटीवर.

जर्मनांनी मोबाइलला काय म्हणावं? 'हँडी'. शब्द इंग्रजी वाटतो, पण इंग्रज माणूस मोबाइलला तसं म्हणत नाही. ग्रीक शब्द नको म्हणून शंभर वर्षं खातं झगडलं, आणि शेवटी लोकांनी इंग्रजीत नसलेला इंग्रजी शब्द उचलला. तिकडच्या शुद्धीवाद्यांना यामुळे झोप लागत नसेल. मला मात्र त्यात 'हँडीनुमर' दिसतो, 'हँडीफरट्राग' दिसतो, म्हणजे मोबाइलचा करार. सांधे शाबूत आहेत.

माझी एक भाची श्टुटगार्टला असते. तिची लेक पाच वर्षांची, घरी मराठी, बालवाडीत जर्मन. परवा रविवारी तिने पुण्यात आजीला व्हिडिओ कॉल लावला आणि पहिलंच वाक्य टाकलं, "आजी, सकाळपासून तुझं हँडी लागतच नाहीये."

आजीने ऐकलं हंडी. ओट्याकडे मान वळवून म्हणाली, "लागेल कशी गं? अजून गॅसवर चढवलीच नाहीये."